तव्यावर भाजलेला वास

बिअरमध्ये घालायची हॉपची फुलं मी भाकरीच्या तव्यावर भाजली. मंद आचेवर, कसुरी मेथी भाजतात तशी. मग तळहातावर चोळली आणि पिंपात टाकली. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. वय विचाराल तर तेव्हा मला एकसष्टावं लागलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते माझ्या बाबतीत लागू नाही. नाठी व्हायला आधी ती असावी लागते.

माझ्या दोन नातींना ही गोष्ट फार आवडते. "आजी, तव्याची सांग," म्हणून मागं लागतात. मी पदर खोचते, हातात नसलेलं उलथणं धरते, डोळे बारीक करून तव्यातली फुलं हलवते, आणि त्या लोळून लोळून हसतात. पण त्यांना मी अर्धीच सांगते. तवा गॅसवरून उतरला की गोष्ट संपवते. उरलेली अर्धी आज लिहून काढतेय. ती तोंडानं सांगण्यातली नाही.

तशी ही गोष्ट तव्याची नाहीच, नाकाची आहे.

आमच्या घरात नथ माझ्या नाकात होती, पण मान होता ह्यांच्या नाकाला. हे दूध डेअरीत होते. सकाळी गावोगावचे कॅन यायचे, रांग लागायची, आणि हे एकेका कॅनचं झाकण काढून झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचे. कॅनमधल्यापेक्षा झाकणाला वास जास्त धरतो म्हणे. एक श्वास, आणि निकाल. "घ्या" नाहीतर "परत". फॅट काढायचं मशीन, डिग्री बघायची काचेची नळी, ते सगळं नंतर. दूध संध्याकाळपर्यंत नासणार आहे हे ह्यांना सकाळीच कळायचं. भल्याभल्या बागायतदारांचे कॅन ह्यांनी माघारी धाडले, आणि कुणाची हूं की चूं करायची टाप नव्हती.

माझाही धाडला होता. माहेर माझं वडगाव रासाईचं, भीमेच्या काठावरचं. ह्यांची पहिली नेमणूक आमच्याच गावच्या संकलन केंद्रावर होती. मी अठरा-एकोणीसची, आणि माझ्यासारखी हुशार पोर पंचक्रोशीत नाही अशी माझी स्वतःची खात्री होती. वडिलांना बरं नव्हतं म्हणून त्या दिवशी कॅन घेऊन मी गेले. ह्यांनी झाकण नाकाशी नेलं आणि थांबले.

"धार कुणी काढली?"

"मी."

"कांदा चिरून हात धुतलं न्हाईत."

सगळी रांग हसली. मी म्हटलं, "कांदा नव्हता, लसूण होता." म्हणजे बघा, चोर तो चोर आणि वर वाण सांगतोय. दुसऱ्या दिवशी ह्याला धडाच शिकवते म्हणून मी राखेनं हात घासले, आणि एवढ्यावर थांबावं की नाही, तर वरून थोरल्या बहिणीची वासाची पावडर चोळली. कॅन गेला. ह्यांनी झाकण उघडलं. "आज पावडर." कॅन परत.

पुढच्या वर्षी त्याच नाकाच्या घरी, केडगावला, मी सून म्हणून आले. आई म्हणाली होती, "नाकासमोर चालणारा मुलगा हाय." मी मनात म्हटलं, नाकासमोर कुठला, नाकाच्या मागं मागं चालतोय तो.

संसारात त्या नाकाचा मला फायदाच झाला म्हणायचा. चाळीस वर्षांत माझ्या हातून कधी काही करपलं नाही. वरण लागायच्या आत बाहेरच्या ओट्यावरून आरोळी यायची, "गॅस कमी कर!" शेजारीपाजारी मला सुगरण म्हणायचे. मी मान खाली घालून लाजून घ्यायची. खरी सुगरण बाहेर पेपर वाचत बसलेली असायची.

निवृत्त झाल्यावर ह्या नाकाला काम उरलं नाही. महिनाभर हे घरात नुसते हुंगत फिरले. माझी मसाल्याची डबी, गोठा, जावेच्या घरची भाजी. मग धाकटा मुलगा जर्मनीहून परत आला. कारेगावच्या बाजूच्या फॅक्टरीत तो कामाला, कंपनीनं दोन वर्षं तिकडं पाठवला होता. येताना लोकं घड्याळ आणतात, चॉकलेट आणतात. ह्यानं बिअर करायचं सामान आणलं. झाकणाचं पांढरं पिंप, बुडबुड्याची नळी, थर्मामीटर, आणि पाकिटात सुकी फुलं. म्हणाला, "आप्पा, तिकडं लोक घरीच करतात. सगळा नाकाचा खेळ आहे, तुम्हाला जमेल."

थोरल्या जाऊबाई शेजारीच राहतात. त्यांनी कुंपणावरून पिंप पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बया! सासऱ्यांनी आयुष्यभर हातभट्टीवाल्याला दारात उभं केलं न्हाई, आन् तू घरातच लावलीस?"

"भट्टी नाही जाऊबाई, बिअर आहे. जवाची."

"जवाची का असंना. पोलिस पाटील आला तर त्याला जव दाखीव."

मी त्यांच्या बाजूची होते हे सांगायला हवं. पहिल्या वेळी मी देवघराचं दार लावून घेतलं होतं. पण हे असे रमले की बोलवेना. भरडलेलं जव गरम पाण्यात भिजवायचं, थर्मामीटर धरून बसायचं, ते गोड पाणी गाळून मोठ्या पातेल्यात उकळायचं, उकळताना थोडी हॉपची फुलं टाकायची, मग गार करून यीस्ट सोडायचं. पिंप धान्याच्या खोलीत, पाण्याच्या टबात, वरून ओलं गोणपाट. आठवडाभर नळीतून बुडबुडे. हे तिथं पाट घेऊन बसायचे, म्हशीला कळा सुरू झाल्यागत.

आणि बुडबुडे थंडावले की शेवटचं काम. त्याला मुलगा ड्राय हॉपिंग म्हणायचा. मला वाटलं, ड्राय डेच्या दिवशी करायचं असणार. मी कॅलेंडरही बघितलं होतं, गांधी जयंती कधी आहे म्हणून. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, ड्राय म्हंजी कोरडं. फुलं उकळली की त्यातला कडूपणा उतरतो. कोरडीच टाकली की वास उतरतो. कडू झालं ना आधीच. आता वासापुरती टाकायची. तीन-चार दिस ठेवायची आन् काढायची."

"म्हणजे वरून कोथिंबीर."

"व्हय. तसंच."

म्हटलं, एवढंच होय! पाककलेतली मी, मला काय सांगता. तेव्हापासून मी त्याला कोरडी फोडणी म्हणायला लागले. श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं मी ह्यांना काढून दिलं, आणि त्यात फुलं बांधायचं काम माझं झालं. देवघराचं दार उघडं राहायला लागलं.

ह्या खेळात दोन-तीन वर्षं गेली. मग ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला.

नुसता अंगठा. हात मांडीवर ठेवलेला असला की तो आपला आपण, जपमाळ ओढल्यासारखा. मी चेष्टा करायची, "आता कुठल्या देवाचं नाव घेताय?" मग अक्षर बारीक झालं. डेअरीत ह्यांची सही लांबून ओळखू यायची, ती मुंगीएवढी झाली. मुलगा पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी हात बघितला, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. मग एकदम विचारलं, "वास येतो का नीट?"

हे हसले. "डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षं नाकाची भाकरी खाल्लीय मी."

"तसं नाही, आत्ता येतो का?"

"येतो की."

डॉक्टर म्हणाले, "विचारायचं कारण असं, की ह्या आजारात पुष्कळदा हाताच्या आधी नाक जातं. कित्येक वर्षं आधी. नाक शाबूत असेल तर आपण औषधाची घाई करायला नको, थोडं थांबून बघू. काही महिन्यांनी या."

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. कंपवात.

येताना दौंडच्या गाडीत आम्ही दोघंच. मुलगा कामावर गेला होता. उरळी मागं पडली. मग हे खिडकीकडं बघत म्हणाले, "परवा दूध उतू जाऊन करपलं. मी गॅसच्या शेजारीच हुतो."

"पेपर वाचत होता तुम्ही."

"पेपर काय नाकानं वाचतो व्हय?"

मी पिशवीतला पेरू काढून उगाच पुसत बसले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, नाकाला लावला, आणि परत दिला.

"आला ना?" मी.

"आला. पण त्याला काय अर्थ न्हाई. पेरूचा, दुधाचा, तुझ्या तेलाचा वास मला झोपेत बी येतो. नाक गेलं तरी डोकं म्हणंल, येतोय येतोय. ज्याची आठवण न्हाई असा वास पायजे. कवाच न घेतलेला."

हे डेअरीवाल्याचं डोकं. स्वतःच्या नाकाची तपासणी करायची तरी ती चोख. घरी आल्यावर मुलाला फोन लावला. म्हणाले, आत्तापर्यंत न वापरलेल्या जातीची फुलं मागव, आणि ती कसल्या वासाची आहेत हे मला सांगू नकोस. मुलाला वाटलं, आप्पांची काहीतरी गंमत. त्यानं तिकडच्या मित्राकडून मागवून दिलं.

पाकीट आलं तेव्हा पिंपातले बुडबुडे थंडावत आले होते. सकाळची वेळ, घरात आम्ही दोघं. हे आंघोळ करून, हात स्वच्छ धुऊन बसले. पूजेला बसल्यासारखे. कात्रीनं पाकीट कापायला घेतलं, पण अंगठा ऐकेना, म्हणून मी कापलं.

कापलं आणि मला वास आला.

मोसंबीची साल नखानं खरवडावी तसा. मागून कैरीचा चीक. असा उसळला की मी मान मागं घेतली. हे पाकिटावर वाकले, तसेच, कॅनच्या झाकणावर वाकायचे तसे. एक श्वास. पुन्हा एक. मग फुलं तळहातावर घेतली, चोळली, त्यांच्यातली पिवळी पूड बोटाला लागली, ती नाकाशी नेली. डोळे मिटले. बराच वेळ डोळे मिटूनच होते.

"गवत हाय," म्हणाले. "वाळलेलं गवत. शिळा माल पाठवलाय त्यानं."

मी कात्री खाली ठेवली.

"तुला येतोय काय?"

आता माझ्या मूर्खपणाचा खरा नमुना बघा. सकाळी मी मोसंबी सोलली होती. म्हटलं, माझ्याच हाताला लागलेला असेल वास. ज्या माणसानं माझ्या हाताचा लसूण अख्ख्या कॅनभर दुधातून शोधून काढला, त्याला येत नाही आणि मला येतो, असं कसं होईल? त्यांचं नाक चुकेल हे माझ्या डोक्यात शिरेना. आणि शिरत असलं तरी मी दार लावून घेतलं असेल. आज मला स्वतःलाच सांगता येत नाही, तेव्हा मी खोटं बोलले की मला तसं खरंच वाटलं.

"नाही हो," मी म्हटलं. "गवतच."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला. "मंग मालच शिळा," म्हणाले. "मंग ह्याच्यावर परीक्षा कशी व्हायची?"

तरी अर्धी फुलं त्यांनी फडक्यात बांधून घेतली आणि पिंपात सोडली. तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी झाकण काढून आतली बाजू नाकाला लावली. धान्याची खोली मोसंबीनं भरून गेली होती. हे म्हणाले, "न्हाई. काहीच न्हाई. राहिलेली फुलं दे टाकून," आणि ओट्यावर जाऊन बसले.

मला टाकवेना. एक तर मी आयुष्यात काही टाकलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे ज्याला पुरेसा वास सुटत नाही त्याला तो कसा सोडवायचा हे बायकांना कुणी शिकवायला लागत नाही. जिरं मेलं, तर भाजतो. कसुरी मेथी गप्प बसली, तर तव्यावर टाकून हातावर चोळतो. ही फुलंही तशीच दिसत होती, कागदासारखी, हिरवट, हातात घेतली की चुरणारी. मी म्हटलं, ह्या पुरुषांना सांगून काय उपयोग, करूनच दाखवते. उद्या झाकण उघडतील आणि थक्क होतील. मग मी सांगेन. वासाची पावडर चोळणारी ती पोर एकसष्टाव्या वर्षीही माझ्यात जिवंत होती.

तवा तापवला. फुलं टाकली. पहिल्या क्षणी असा काही वास उठला की मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. दुसऱ्या क्षणी त्यांतली पिवळी पूड चिकट झाली, तव्याला धरली, आणि धूर निघायला लागला. साधा धूर नाही. पिवळट, ओल्या गोणपाटाला आग लागल्यासारखा. मी उलथणं घालतेय, खरवडतेय, खोकतेय, गॅस बंद करायचं सुचत नाही.

तेवढ्यात हे दारात. डोळे पुसत, खोकत.

"काय जाळतीस?"

मी गरकन वळले. फुलं गेली, तवा गेला, मला कशाचं काही नाही. "वास आला तुम्हाला?"

ते बघत राहिले. तव्याकडं, माझ्याकडं.

"आला की. घरभर झालाय."

"कसला?"

"करपल्याचा."

मी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, उलथणं हातात असताना टाळ्या वाजवल्या. ओट्यावरून! पूर्वीसारखा! "बघा," म्हटलं, "नाक शाबूत आहे. उगाच मनाला लावून घेतलंत." ते थोडं हसले. नातींना मी गोष्ट सांगते ती इथं संपते.

त्या आनंदात मी पुढचा गाढवपणा केला. तव्यावरची निम्मी काळी, निम्मी तपकिरी फुलं हातावर चोळून पिंपात टाकली. ते काहीही म्हणाले नाहीत. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस शेजारी उभा राहून बघतो आणि बोलत नाही, ह्याचा अर्थ लावायला अक्कल लागते.

आम्ही बाटल्या भरल्या. पंधरा दिवसांनी पहिली उघडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी. त्यांनी घोट घेतला.

"कसा आहे वास? मोसंबीसारखा ना?" मीच विचारलं. मीच उत्तर पुढं केलं.

"व्हय," म्हणाले. "मोसंबीवानीच. आता आला बघ."

मी थोडी चाखली. कडूजहर होती आणि घशाला धूर लागला. पण मी कुठं बिअर पिणारी? म्हटलं, अशीच लागत असेल.

पुढच्या सुट्टीला मुलगा आला. त्यानं ग्लास तोंडाला लावला, आणि उठून मोरीकडं पळाला. चूळ भरून आला.

"आई, ह्यात काय जळालंय? आप्पा, तुम्ही प्यायला हे?"

हे खुर्चीत शांत बसलेले, हातात ग्लास. ग्लासातली बिअर त्यांच्या अंगठ्याबरोबर हलत होती. म्हणाले, "का? छान झालीय की. मोसंबीवानी वास हाय."

माझा शब्द होता तो. जसाच्या तसा.

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. मग त्यानं तोच ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला. ह्यांनी विचारलं, "हाय ना?" तो म्हणाला, "हाय."

त्या दिवशी मला कळलं. पण कळलेलं मान्य करण्यात आणि कळण्यात पुणे-दौंडएवढं अंतर असतं. मी मनाशी वाद घालायची. मोसंबी जाऊ दे, धूर तर आला होता ना? बाहेरून उठून आत आले होते ना? करपल्याचा वास येतोय म्हणजे नाक थोडंफार आहे. थोडं आहे म्हणजे आजार नाही. त्या एका धुराला मी गायीच्या शेपटीसारखं धरून बसले.

काही महिन्यांनी पुन्हा डॉक्टर. पुन्हा बोटं आपटून झाली. "वासाचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला विचारा. हिला ठाऊक."

डॉक्टर माझ्याकडं वळले.

"येतो," मी म्हटलं. "करपलेलंसुद्धा लांबून कळतं. मी स्वतः पाहिलंय."

कोर्टात उभी असते तर ह्यापेक्षा ठाम साक्ष दिली नसती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. थांबून बघू म्हणाले. आम्ही वर्षभर थांबलो. त्या वर्षात हे दोनदा शेताच्या बांधावर पडले, आणि चप्पल पायातून निसटते म्हणून मी चपलेला शिव्या घातल्या. मग चेहरा हलायचा बंद झाला. हसले तरी डोळेच हसायचे, गाल तसेच.

निदान पक्कं झालं त्या दिवशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, की मागच्या वेळी मी खोटं बोलले. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आधी कळलं असतं तर गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या. थोडं सोपं गेलं असतं. आजार काही थांबला नसता. तो थांबत नाही." म्हणजे मी खोटं बोलले नसते तरी हेच, आणि बोलले म्हणून थोडं अधिक. ह्या हिशेबात मला कुठं उभं राहायचं ते अजून कळलेलं नाही.

आता सहा वर्षं झाली. बिअर मी करते. जाऊबाई म्हणतात, "शेवटी भट्टी तुझ्याच नावावर झाली." त्यांना मी सांगितलं, सात-बाऱ्यावर चढवून घेते. हे खुर्चीत बसून सांगतात, म्हणजे ओठ हलवतात, आणि मी कान जवळ नेते. जव किती वेळ भिजलं, पाणी किती तापलं. पिणं त्यांचं बंद आहे, पाणीसुद्धा घोट घोट मोजून द्यावं लागतं. मुलगा दोन बाटल्या नेतो, बाकीच्या तशाच राहतात. कुणासाठी करतेस असं कुणी विचारत नाही, ते बरं आहे.

पाकीट कापलं की ते विचारतात, "आज कसला?"

मी सांगते. लिंबाची पानं. ओली माती. पेरू.

"कच्चा का पिकला?"

"पाडाचा."

डोळे मिटून घेतात. त्यांना तो दिसतो की येतो की नुसता आठवतो, मी विचारत नाही. दर वेळी सांगायचे शब्द मात्र कमी पडायला लागलेत. परवा मी एका फुलाला कुंकवाच्या करंड्याचा वास दिला. नव्हता तो.

गेल्या आठवड्यात मी फडक्यात फुलं बांधत होते. ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि हलत होता. गाठ मारता मारता माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, अहो, त्या वेळची फुलं शिळी नव्हती. सगळं घर मोसंबीनं भरलं होतं. मला येत होता वास, मी नाही म्हटलं. आणि पुढं डॉक्टरांनाही खोटं सांगितलं, त्या धुराच्या जोरावर. तुम्हाला धूर तरी आला होता ना, तेवढ्याच जोरावर.

त्यांचं बोलणं आता उशिरा येतं. शब्द आतून निघतो, पण वाटेत कुठं कुठं थांबत येतो. मी गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग त्यांचा आवाज आला. मी कान जवळ नेला.

"ठाऊक हाय मला. धूर दिसला, डोळं झोंबलं, खोकला आला. वास न्हाई आला. दूध नासलंय हे मला तवाच कळलं. पण कॅन परत पाठवायचा कुणाकडं?"